गारेनवहिनींचा अंगठा

ओव्लाने गाडी दुरुस्त केली म्हणजे ती झालीच, असं उत्तरेकडच्या बर्फातले सगळे रेनडियरवाले मानायचे, आणि ओव्लाला हे जरा जास्तच ठाऊक होतं. बर्फगाडीचा नुसता आवाज ऐकून तो तिचं दुखणं सांगायचा. म्हणून मार्चमध्ये गारेनवहिनींनी आपली गाडी त्याच्यासमोर आणली, तेव्हा कळपातली आपापली जनावरं निवडायला कुंपणापाशी जमलेले सगळे हातातलं काम सोडून बघू लागले.

गाडी सुरू व्हायची, पण अंगठ्याने झटकन रेस दिली की घुसमटून बंद पडायची. ओव्लाने प्लग पाहिला, पेट्रोल हुंगलं, चोक आणि रेसची केबल तपासली. कार्ब्युरेटर तेवढा उघडला नाही. तो हिवाळ्याच्या तोंडावर त्याने स्वतःच साफ केला होता, मग त्यात काय बघायचं? हळूहळू रेस देत त्याने एक फेरी मारली. गाडी निमूट पळाली.

"गाडीला काही झालेलं नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "वहिनींचा अंगठा बिघडलाय."

लोक पोट धरून हसले. वहिनीही कसनुसं हसल्या. नवरा गेल्यापासून सहा वर्षं, वसंतात कळप किनाऱ्याकडे निघाला की माणसाळलेला एक नर गाडीमागे बांधून सगळ्यांत पुढे त्याच असायच्या. पुढची गाडी अडली तर मागची हजार जनावरं उधळतात. टोळीचा म्होरक्या इस्साक हसला नाही. यंदा वहिनींनी मागे राहून भांड्यांची घसरगाडी ओढावी, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

निघायच्या आदल्या दुपारी वहिनी ओव्लाच्या दारात आल्या. आठवडाभर अंगठ्याची सवय करून पाहिली, तरी जमत नाही, म्हणाल्या. "तुम्हीच शिकवा भाऊजी. मला लाज वाटायला लागलीय."

त्या आत त्याच्या बायकोशी कॉफी पीत बसल्या आणि ओव्लाने बाहेर उन्हात कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या जेटच्या भोकात एक आखूड पांढरा केस आडवा बसला होता. रेनडियरचा. गारठ्यात बोटं चालत नाहीत, म्हणून तो हे काम स्वयंपाकघरात, जमिनीवरच्या कातड्यावर मांडी घालून करायचा. कातडं पांढरंच होतं. ओव्लाचे कान तापले.

केस काढून, सगळं जोडून त्याने रेस दिली, तशी गाडी एका झटक्यात उसळली. वहिनी धावत बाहेर आल्या. काय होतं म्हणून विचारू लागल्या.

"कचरा होता," तो खाली बघत म्हणाला.

"म्हणजे मीच पेट्रोल न गाळता भरलं असणार," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याचे आभार मानले. ओव्लाने तेही घेतले. असल्या माणसाला काय म्हणावं?

सकाळी त्याला राहवलं नाही. सगळे गाड्या जोडत असताना तो इस्साकपुढे उभा राहिला. केस आपल्या घरच्या कातड्याचा, चूक आपली, वहिनींना पुढे जाऊ दे, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. इस्साकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मन मोठं आहे तुझं. पण तू कशाला अंगावर घेतोस? पेट्रोल न गाळता भरलं, हे वहिनींनी काल मला स्वतःच सांगितलंय. अशा हाती पुढची गाडी कशी देऊ?"

ओव्लाने परत परत सांगितलं. जितकं सांगितलं तितकं लोकांना त्याचं कौतुक वाटलं. शेवटी तो वहिनींकडे गेला. त्या भांड्यांवरचा दोर आवळत होत्या.

"काल संध्याकाळी इस्साक आला होता," त्या वर न बघता म्हणाल्या. "गाडी नीट झाली असेल तर पुढे चला, म्हणाला. काय बिघडलं होतं ते विचारलं त्याने. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं."

त्यांनी अंगठा दाबला. गाडी न अडखळता निघाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.