डाव्या कानाचे दोन काप

वडील वारले. मी जिंतूरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. निरोप आला आणि मी बोरीला निघालो.

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी वाचतो आणि पान उलटतो. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. तुम्हीही ठेवा असं म्हणणार नाही. पोलीस अ‍ॅक्शनला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत, झाली तशी लिहितो आहे.

आम्ही मेंढपाळ. आमच्यात माणूस गेला की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर त्या माणसाची मूर्ती उठवलेली. पण बापाच्या आधी लेकाचा टाक बसत नाही. आणि माझ्या आजोबांचा, लिंबाजींचा, टाकच नव्हता. वडील रांगत होते तेव्हा मेंढरं रोगानं गेली आणि आजोबा मुंबईला गेले. गोदीत हमाली करणाऱ्या गावच्याच एकानं त्यांना बोटीवर चढताना पाहिलं होतं. पुढं काहीच कळलं नाही. दर दसऱ्याला देव मांडताना वडील एक जागा मोकळी सोडायचे.

तेराव्याला मी टाकाचा विषय काढला. केरबातात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. भावकीत त्यांचाच शब्द चालायचा.

"तुझा आजा मेला हे कुणी बघितलंय? जित्त्याचा टाक बसवायचा व्हय? बायको-लेकरू टाकून गेला त्यो. दर्यावर काय मेंढरं राखायला गेलता?"

चारजण हसले.

आई म्हणाली, "भावजी, तुमच्या भावाला तरी बसवा."

"आधी बाप, मग लेक. रीत मी न्हाई केली, वहिनी."

म्हणजे आजोबांचा पत्ता लागेपर्यंत माझे वडीलही बाहेरच... शाळेला मोठी सुट्टी लागली आणि मी मुंबईची गाडी धरली.

खलाशांच्या नोकरीचे जुने कागद बंदराजवळच्या एका ऑफिसात ठेवलेले होते. तिथले कारकून सावंत.

"निजामाच्या मोगलाईतला खलाशी? मास्तर, तुमच्याकडे समुद्र आहे का?"

"नाही."

"मग बोटीवर कशाला चढला?"

"तेच विचारायला आलोय."

ते हसले आणि कामाला लागले. माणूस चांगला होता. गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडले. कोकणातले, काठेवाडातले खलाशी निघाले, आमचा निघेना. शेवटी एका दुपारी त्यांनी हात झटकले. "सगळं पाहिलं, मास्तर. माफ करा."

मी पेनाला टोपण लावलं. तेव्हाच शीळ ऐकू आली. दोन आखूड, एक लांब, शेवटी खाली उतरणारी. कळप सोडून भरकटलेल्या मेंढराला वडील अशी शीळ घालायचे. 'इकडे' असा तिचा अर्थ.

सावंतांनी मान वर केली नाही. "मास्तर, शीळ नका घालू. साहेब आत आहेत."

"मी नाही घातली."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते... आणि शीळ पुन्हा आली, शेवटच्या मांडणीमागून. आम्ही दोघंही तिथं गेलो. मागं नुसती भिंत. खिडकी नाही, माणूस नाही. खाली, मांडणी आणि भिंतीच्या फटीत एक गठ्ठा अडकला होता, चिठ्ठी गळून पडलेला.

"अरेच्चा, हे सगळे संस्थानी मुलखातले," सावंत म्हणाले.

लिंबा, गाव बोरी. बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याचं काम. प्रत्येक सफरीपुढे वागणुकीचा शेरा एकच – व्हेरी गुड. शेवटी, तापानं एडन बंदरात मृत्यू, दफन तिथंच. घरी कळवल्याची नोंद होती. ते पत्र बोरीला पोचलं नव्हतं. वारस – मुलगा राघोजी. वडिलांचं नाव मी मोठ्यानं वाचलं. टाकून गेलेला माणूस असं नाव लिहून ठेवत नाही.

सहीच्या जागी बाकीच्यांचे अंगठे होते. आजोबांनी तिथं एक कान काढला होता, त्याला दोन काप.

"हे काय?"

"आमच्या मेंढरांची खूण. दुसऱ्या कळपात मिसळली तर ओळखावीत म्हणून डाव्या कानाला दोन काप देतो."

सावंतांनी कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे सही पक्की." त्यांनी नक्कल केली, तो कानही हुबेहूब काढला, शिक्का मारला.

निघताना मी विचारलं, "तुम्ही नेमकं काय ऐकलंत?"

त्यांनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि हलकेच शीळ घातली. दोन आखूड, एक लांब, शेवटी खाली उतरणारी.

तात्यांना वाचता येत नव्हतं. नक्कल मी त्यांच्यापुढं धरली. त्यांचं बोट त्या कानावर थांबलं, एका कापावरून दुसऱ्यावर गेलं.

"आपलंच हाय," ते म्हणाले. मग ओरडले, "आरं, सोनाराला बोलवा! वहिनी, च्या ठेवा. मास्तरानं दर्यातून मेंढरू हुडकून आणलंय!"

दसऱ्याला आधी आजोबा बसले, मग वडील. तात्यांनी भंडारा एवढा उधळला की माझ्या हातातली नक्कलही पिवळी झाली. आई म्हणाली, "बसले एकदाचे बापलेक."

त्या शिळेचं काय? कुणी म्हणालं बोटीचा भोंगा, कुणी म्हणालं दुःखात कान वाजतात. पण सावंतांना कसलं दुःख होतं? त्यांनी माझे वडील पाहिलेही नव्हते.

देव्हाऱ्यात आता मोकळी जागा नाही. नक्कल माझ्या पेटीत आहे.