बाबांच्या खोलीतला कूलर

कूलर बसवायला आलेल्या मिस्त्रीला मी म्हणालो, "बाबांच्या खोलीत लावायचा आहे."

त्यानं लगेच आवाज खाली आणला. "झोपले असतील तर सायंकाळी येतो ना, भाऊ."

"नाही नाही, ते दुपारी झोपत नाहीत," मी म्हणालो.

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. खोटं बोलायचा विचार नव्हता. कुणी काही विचारलं की माझं तोंड उत्तर देऊन मोकळं होतं. नोकरीतही ते तेच करत आलं आहे.

आमच्याकडे खोल्यांना नावं कुणी ठेवत नाही. ती पडतात आणि मग निघत नाहीत. 'नवी खोली' बावीस वर्षांची आहे. 'स्टडी'त गव्हाच्या कोठ्या आहेत. तिथं अभ्यास करून मी खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. बाबांची खोली मात्र बाबांचीच. आई त्याच खोलीत चाळीस वर्षं झोपली, पण 'आईची खोली' असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. बाबा गेल्यापासून ती बैठकीतल्या दिवाणावर झोपायची. थंडीत चाललं. आता एप्रिल लागला होता, बैठकीची भिंत रात्रीही तापलेली असायची. आईनं आत झोपावं म्हणून तर कूलर.

ती दिवाणावर बसून चिंचोके काढत होती. मान वर न करता म्हणाली, "काहून खोटं सांगून राहिला रे त्याले? गेले म्हणून सांग ना."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग त्यानं खिडकीत कूलर बसवला, पाणी भरलं. वाळ्याचा वास घरभर आला. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं, म्हणून थोडा वेळ दारात उभा राहून पाहिलं.

मिस्त्री गेल्यावर मी आईला म्हणालो, "बघ, बाबांची खोली कशी गार झाली. चल, पड तिथं."

"त्याहिच्या खोलीत मी एकटी काहून झोपू?" आई म्हणाली. "मले इथंच बरं."

मी स्टडीत जाऊन कोठीवर बसलो. तासाभरानं बायको दारात आली.

"आई झोपल्या तिकडं. 'आत चला' एवढंच म्हटलं मी, तर आल्या. तुम्ही आता एक मेहेरबानी करा. उन्हाळाभर त्या खोलीचं नाव घेऊ नका."