पूर्व डावीकडे

ठाण्याजवळच्या दिव्यात राहून आकाशाचा अभ्यास करते म्हटलं की लोक आधी संचिताच्या तोंडाकडे बघायचे आणि मग विचारायचे, "पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?" तिला आता हसूही येत नसे. सकाळी डोंबिवलीच्या कॉलेजात तासिका, दुपारनंतर पीएच.डी., सहा-सात वर्षं हेच चाललेलं. पार थकून गेली होती पोर.

तिचा विषय म्हणजे एकच दीर्घिका, इतकी दूरची की तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती. तिच्या पोटातून दोन बाजूंना तिरके झोत सुटलेले, ते रेडिओ दुर्बिणीला दिसतात. भोवती वायूचं अवाढव्य वलय, ते दुसऱ्या दुर्बिणीने टिपलेलं. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, तर वलय नेमकं झोतांच्या दिशेने लांबलेलं. झोतच वायूला रेटतात, यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता.

सोमवारी तो द्यायचा होता. शनिवारी चित्रांवर शेवटचा हात फिरवताना कोपऱ्यातल्या एका बारक्या दीर्घिकेकडे तिचं लक्ष गेलं. रेडिओच्या चित्रात ती डावीकडे होती, वलयाच्या चित्रात उजवीकडे. आकाश आपण खालून बघतो, म्हणून त्याच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची. वलयाची फाइल मात्र आरशातल्यासारखी उलटी आलेली, आणि मधला ठिपका जुळला म्हणून आनंदाच्या भरात तिने पुढे पाहिलंच नव्हतं. तिने चित्र सुलटं केलं. वलय झोतांना आडवं गेलं.

कोणाला कळलं नसतं. हा विचार मनात आला, चहा थंड होईपर्यंत तिथेच बसला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने गाईडना फोन लावला. त्र्यंबक सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अजून वर्ष तरी जाईल गं."

"हो सर."

बाहेरच्या खोलीत तिचे वडील, तानाजी, पेपर वाचत बसलेले. त्यांनी महिन्यापूर्वीच कपाटावर काहीतरी कागदात गुंडाळून ठेवलं होतं. दोन खोल्यांच्या घरात काय लपणार? 'डॉ. संचिता' कोरलेली दारावरची पाटी होती ती.

"पप्पा, माझं चुकलंय. सगळं परत करायचंय."

काय चुकलं, ते त्यांनी विचारलं नाही. स्टुलावर चढून पाटी खाली काढली, धूळ पुसली, कागद नीट गुंडाळून सुतळी पुन्हा बांधली.

"स्टीलची आहे," ते म्हणाले. "गंजत नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं संचिताला वाटलं. पाटी वर ठेवायला ते परत चढले, तेव्हा तिने स्टूल घट्ट धरलं.