किसनमामा आणि बिनमाणसाचं हेलिकॉप्टर

फवारणीची यंत्रं विकणाऱ्या कंपनीने तलमडुगुजवळच्या एका कपाशीच्या शेतात आपली लहान, मधलं आणि मोठं अशी तीन बिनमाणसाची हेलिकॉप्टरं मांडली, तेव्हा आम्ही सगळे वरचे पंखे बघत होतो. किसनमामा मात्र सरळ जमिनीवर आडवे झाले आणि मधल्याच्या पोटाखाली डोकं घालून फवाऱ्याच्या नळ्या तपासू लागले.

"मामा, गाय घ्याले आले काय?" कोणीतरी विचारलं.

"दूध खालूनच निंगते, बापू."

मामांनी तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन गावभरचा कापूस फवारला होता. शेत दुसऱ्याचं, मजुरी त्यांची. आमच्या शेतकरी गटाने यंत्र घेतलं तर पहिलं काम त्यांचंच जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गटाची सचिव म्हणून मी यादी करून आले होते: टाकी, वजन, पेट्रोल, दुरुस्ती. मामांनी तिच्यात भर घातली. मोठ्याच्या वाऱ्याने पाती, म्हणजे कपाशीच्या कोवळ्या कळ्या, गळतील का? लहान्याची टाकी किती ओळींत संपते? पानाच्या खालच्या अंगाला औषध लागतं का, कारण तुडतुडे तिथेच बसतात? कंपनीचा इंजिनिअर आधी पत्रकातून उत्तरं देत होता. मग पत्रक खिशात घालून तोही मामांबरोबर ओळीत शिरला आणि पानं उलटून बघू लागला.

नुसतं पाणी भरून यंत्र उडवलं. चालवणारा रिमोट घेऊन रस्त्याकडेला, गाडीच्या सावलीत. मामांनी बोंडातला थोडा कापूस चिमटीत घेऊन हवेत सोडला. शेताच्या टोकाला, ओढ्याजवळ वारा फिरला होता. त्यांनी थांबवायला हात हलवेपर्यंत सगळा फवारा पलीकडे तण निंदणाऱ्या बायांवर गेला. इंजिनिअर म्हणाला, गाडीजवळच्या वारा मोजायच्या यंत्रात तर काहीच दिसलं नाही.

"वर मानूस नाई, हे समजलं," मामा त्याला म्हणाले. "पन वारा फिरला हे खाली कोनाले समजते?"

संध्याकाळी बैठक माझ्या ओसरीवर बसली. मामांकडे कोणी बघेना. मी विषय पुढे ढकलायचं ठरवलं होतं, पण तेच बोलले.

"मधलं घ्या, ताई. मोठ्यानं पाती झडन, लहानं दिवसभर टाकीच भरत बसन. माह्यी चिंता नका करू. तीस वर्सं औषद माह्याच नाकात गेलं. पन चालवनारा धुऱ्यावर उभा राह्यला पायजे. वारा त्याच्याई तोंडाले लागला पायजे."

कंपनीच्या पुस्तिकेत असा नियम नव्हता. आम्ही तो ठरावात घातला. आजही चालवणारा गाडी रस्त्यावर सोडतो, तोंडाला मास्क बांधतो आणि धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, चालत येतो.

मामांनी तो एकच हंगाम पाहिला. पुढे खोकला वाढला, ते उटनूरला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. मला आठवते ती आमच्या यंत्राची पहिली फवारणी. यंत्र उतरल्यावर मामा सवयीने हौदाशी गेले, बाह्या वर सारल्या, साबण हातात घेतला. मग स्वतःचे कोरडे हात उलटेसुलटे करून बराच वेळ बघत राहिले.