ओट्यावर न ठेवलेलं क्लॅरिनेट

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्याकडे नीट पाहायचं आणि म्हणायचं, "विचारलं म्हणून सांगतो." नानांच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात अशी व्हायची. विचारलं नाही, तर उत्तर नाही.

मुलांनो, खंडेनवमीच्या पूजेचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा झेंडूच्या फुलांखाली ते काळं नळीसारखं काय आहे, असं तुम्ही विचारलंत. ते क्लॅरिनेट आहे. ते आपल्या देवघरात कसं आलं, हे सांगायचं तर आधी नाना सांगायला हवेत.

जळगावात आम्ही राहत होतो ती खोली पहिल्या मजल्यावर होती, आणि शेजारच्या घरात खाली नानांचं बँडच्या वाद्यांचं दुकान. ढोल, ताशे, पितळी कर्णे, क्लॅरिनेट. जामनेर, पहूर, नशिराबाद, सगळीकडचे बँडमास्तर लग्नसराईच्या आधी तिथे येत. दुरुस्ती चाले, चाव्या बदलत, आणि दुरुस्त झालेलं वाद्य ओट्यावर बसून वाजवून पाहत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझं उत्तरपत्रिका तपासणं आणि त्यांचं सूर जुळवणं एकाच वेळी चालायचं. पहिल्या वर्षी मला त्याचा त्रास झाला. नंतर दुकान बंद असलं की तपासणीत लक्ष लागेना.

नानांचा स्वभाव कळावा म्हणून एकच सांगते. एकदा एका घाईतल्या गृहस्थांनी ओट्यापाशी सायकल थांबवून स्टेशनचा रस्ता विचारला. "सरळ," नाना म्हणाले. गृहस्थ सरळ गेले आणि थोड्या वेळाने घामाघूम होऊन परत आले. पुढचं फाटक बंद होतं, आणि गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. फाटक बंद आहे हे सांगितलं का नाही, म्हणून ते तावातावाने भांडू लागले. नानांनी त्यांना पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं आणि शांतपणे म्हणाले, "ते तुम्ही कुठे विचारलं?" पाणी पिता पिता ते गृहस्थही हसू लागले.

त्या काळी आपल्याकडची बरीचशी क्लॅरिनेट एबोनाइटची असत, म्हणजे कडक काळ्या रबराची. उन्हात दिवसभर वरातीत वाजवली की त्यांचा सूर थकतो, असं मास्तर लोक म्हणत. अस्सल काळ्या लाकडाचं, चांदीचा मुलामा दिलेल्या चाव्यांचं एक मॉडेल मुंबईची एक कंपनी बाहेरून मागवत असे. माल फार थोडा यायचा. त्याची एजन्सी मिळावी म्हणून नाना कितीतरी वर्षं खेटे घालत होते. एकदाची मिळाली, तेव्हा त्यांनी गल्लीत जिलबी वाटली आणि कंपनीच्या साहेबांना घेऊन ते आमच्या घरी आले, कारण अटी इंग्रजीत होत्या.

मी वाचत गेले. या मॉडेलची जाहिरात दुकानदाराने करायची नाही. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: जे पुरवता येत नाही त्याचा गाजावाजा झाला, तर लोक कंपनीलाच नावं ठेवतात. शिवाय जळगावच्या दुकानदाराने जळगाव जिल्ह्यातच विकायचं, धुळ्याच्या दुकानदाराने धुळ्यात.

नाना एकेक शंका काढत होते. पाटी लावली तर? चालणार नाही. सिनेमाच्या पडद्यावर मध्यंतरात स्लाइड दाखवली तर? नाही. काचेच्या कपाटात ठेवलं तर? तेही नाही.

"आणि कोणी विचारलं तर?" नाना म्हणाले.

"तर दाखवा, किंमत सांगा, विका," साहेब म्हणाले.

"मग झालं की. मी दुसरं काय करतो आयुष्यभर?"

साहेब गेल्यावर तुमचे आजोबा म्हणाले, की कंपनीने अख्खा महाराष्ट्र शोधला असता तरी या अटीला इतका लायक माणूस मिळाला नसता.

पण खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. नाना दुकानातलं प्रत्येक वाद्य ओट्यावर मांडत, हळदकुंकू वाहत, हार घालत आणि मग प्रत्येक वाद्य एकदा स्वतः वाजवत. पुजलेलं वाद्य मुकं ठेवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम होता. त्या वर्षी लाकडी क्लॅरिनेटही ओट्यावर आलं, सगळ्यांच्या मधोमध. जाहिरात वगैरे त्यांच्या मनातही नव्हती. पण ते पाहायला रस्ता अडला, आणि त्यात धुळ्याकडचे दोन बँडमास्तर होते. धुळ्याच्या दुकानदाराने कंपनीकडे तक्रार केली, की जळगाववाला माल रस्त्यावर मांडून माझी गिऱ्हाइकं ओढतो.

साहेब परत आले. या खेपेला त्यांनी चहा घेतला नाही.

"हार जाहिरातीचा नव्हता, साहेब. पूजेचा होता," नाना म्हणाले.

"रस्त्यावरून दिसत होता ना?"

"दिसत होता."

"पुढच्या वर्षी दिसला, तर एजन्सी गेली समजा."

नाना वाद घालत बसले नाहीत. पण त्यानंतर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. एजन्सी गेली तर जिल्ह्यातल्या मास्तरांना ते वाद्य कोण आणून देणार? आणि एजन्सी राखायची, तर ज्या वाद्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली त्याला खंडेनवमीला बंद कपाटात ठेवायचं. "पंगतीला सगळे बसवायचे आणि एकाला खोलीत कोंडायचं, असं झालं हे, अक्का," ते म्हणाले. त्यांना दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या नव्हत्या.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. हातात धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली क्लॅरिनेटची पेटी.

"अक्का, तुमचं दुकान आहे का?"

"नाही."

"तुम्ही एजंट आहात का?"

"नाही हो, नाना."

"मग तुमच्या देवघरात काय पुजावं, याबद्दल कंपनीचं काही म्हणणं?"

मी इंग्रजीची शिक्षिका. अटी मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचल्या. "काही म्हणणं नाही," मी सांगितलं.

आजोबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "आणि वाजवायचं?"

"पुजलेलं वाद्य मुकं ठेवत नाहीत, भाऊ," नाना म्हणाले. स्वतः वाजवण्याऐवजी मात्र त्यांनी पहूरच्या मास्तरांना आणलं होतं, आणि आपण खाली निघून गेले.

साहेब येणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण ते आले. ओट्यावर ढोल होते, कर्णे होते, एबोनाइटची क्लॅरिनेट होती. लाकडी नव्हतं. साहेबांनी आतही डोकावून पाहिलं. एवढ्यात आमच्या गॅलरीतून पहूरच्या मास्तरांनी पहिला सूर सोडला. तो सूर कसा होता हे मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की समोरच्या भजीवाल्याने झारा हवेत धरला आणि कढईतली भजी लाल झाली.

ओट्यापाशी धुळ्याकडचा एक तरुण मास्तर उभा होता. त्याने वर पाहिलं. "नाना, हाई काय वाजी ऱ्हायनं?"

मी गॅलरीत, माझा जीव मुठीत. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि साहेबांकडे वळले. "साहेब, गिऱ्हाईक विचारतंय. सांगू?"

साहेबांना नाही म्हणता येईना. अट त्यांचीच होती. "सांगा," ते म्हणाले.

"विचारलं म्हणून सांगतो," नाना त्या मास्तराला म्हणाले. "काळ्या लाकडाचं क्लॅरिनेट आहे. पण तुझं गाव धुळ्याकडचं. मी तुला ते विकणार नाही. धुळ्याच्या दुकानात जा."

"तठे तं माले कोनी दखाडंच नही," मास्तर कुरकुरला. तिथे कोणी दाखवलंच नाही म्हणे.

"तू इचारं व्हतं का?"

"नही."

"मंग?"

साहेब आधी गालातल्या गालात आणि मग मोठ्याने हसले. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि चहा मागितला. एजन्सी राहिली. धुळ्याच्या दुकानदाराची तक्रार पुन्हा आली नाही. त्या मास्तराने त्याच्याकडूनच क्लॅरिनेट घेतलं, आणि तेव्हापासून धुळ्याहून दिवाळीला नानांकडे फराळाचा डबा येऊ लागला. लाकडी क्लॅरिनेट मात्र दर खंडेनवमीला आमच्याच देवघरात.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बाकीची वाद्यंही आता नाना स्वतः वाजवत नव्हते, कोणाला तरी सांगत होते. मी सरळ विचारलं.

"विचारलं म्हणून सांगतो. दम लागतो. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केलीय."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिने विचारलं नाही."

मी त्याच पावली खाली गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात. वहिनी भाकरी थापत होत्या. "वहिनी, नानांना त्यांच्या छातीबद्दल विचारा," मी म्हटलं. "आत्ता विचारा." त्यांनी पिठाच्या हातानेच विचारलं, आणि त्यांना सगळं उत्तर मिळालं. औषधं वेळेवर सुरू झाली. त्यानंतर नाना आणखी बरीच वर्षं आमच्यात होते, याचं थोडं श्रेय मी स्वतःकडे घेते.

ते गेले तोवर वरातीत कीबोर्ड आणि मोठे स्पीकर आले होते. कंपनीने ते मॉडेल मागवणं बंद केलं. त्यांच्या मुलाने दुकान चांगलं चालवलं, पण माल बदलला. नाना गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला वहिनी तोच पंचा घेऊन वर आल्या. आत शेवटचं लाकडी क्लॅरिनेट होतं. "कोणी विचारायला आलं नाही," त्या म्हणाल्या. "याची जागा तुमच्याकडे आहे."

म्हणून ते आपल्या घरी आहे. पहूरचे मास्तर आता नाहीत. दर वर्षी हळदकुंकू वाहून झालं की मीच ते गॅलरीत नेते आणि एकदा फुंकते. सूर येत नाही. म्हशीच्या रेडकासारखा आवाज येतो. पण मुकं राहत नाही.

या वर्षी समोर नव्याने राहायला आलेल्या कुटुंबातली सून तो आवाज ऐकून खिडकीत आली. "आजी, काय वाजलं हो ते?"

मी चष्मा कपाळावर सरकवला.