इंटरवलच्या आधी

झाशीच्या आमच्या थिएटरात टॉर्च दाखवून प्रेक्षकांना बसवणारे ते गृहस्थ पोलिसांच्या प्रत्येक विनोदी चित्रपटाचा सांगाडा आधीच सांगून टाकत : "देखो भैयाजी, दो दरोगा, एक जीप. इंटरवल तक झगड़ा, बाद में गलबहियाँ." म्हणजे मध्यंतरानंतर गळ्यात गळे.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याची मी साहेबांकडे खोटी तक्रार केली होती. तेव्हापासूनचा आमचा अबोला सर्वश्रुत होता. एका मॅटिनीला, माझे तिकीट मागच्या रांगेचे असूनही, या गृहस्थांनी मला नेमके त्याच्याशेजारी बसवले. "आपकी जीप यही है."

पडद्यावर दोन्ही फौजदारांनी चुकून एकमेकांनाच बेड्या घातल्या. सारे हसले, मला हसवेना. मी हलकेच त्याची क्षमा मागितली. त्याने शेंगदाण्यांची पुडी पुढे केली.

तोच टॉर्चचा झोत आमच्यावर पडला. गृहस्थ मनापासून नाराज होते.

"अबै तो इंटरवल भी नईं भओ!"