शिंगाळ्याच्या डोहावरचे रविवार

मासे पकडायला जाणाऱ्या माणसाकडे मासे कमी आणि किस्से फार साठतात. मासा त्याच दिवशी शिजवून खाऊन टाकावा लागतो. किस्सा मात्र जितका जुना होईल तितका चविष्ट लागतो!

गोष्ट सन पन्नास-साठच्या दरम्यानची. मी आलापल्लीकडच्या एका गावात जंगल खात्यात कारकून होतो. दवाखान्यातला कंपाउंडर, प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि मी, असे तिघे दर रविवारी तलावावर जायचो. आमचा उस्ताद म्हणजे पिढीजात मासेमार सुकरूभाऊ ढिवर. डोंगा त्याचा, अक्कलही त्याचीच.

डोंगा म्हणजे एका झाडाचं कोरलेलं खोड. त्यात सुकरूभाऊ आणि आणखी एकच माणूस मावायचा. उरलेले दोघे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून फुकटचे सल्ले द्यायचे. जिथं पाणी सगळ्यात खोल, त्या डोहात तळाशी शिंगाळा मासा राहायचा. चकचकीत पितळेच्या तुकड्याला गळ जोडून दोरीनं तळापर्यंत सोडायचा, हातभर उचलायचा, पुन्हा सोडायचा. दिवसभर एवढंच काम. बायकोनं सांगितलं असतं तर पाच मिनिटं केलं नसतं!

पहिल्यांदा डोंग्यात बसलो तेव्हा मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. घाबरत विचारलं, "सुकरूभाऊ, शिंक आली तर?"

"पयले सांगजो बाबू. मी काठाले नेऊन देईन, तिथी शिंक!"

*

कंपाउंडरची श्रद्धा पितळेवर. जितकं चकचकीत तितका मासा मोठा, असा त्याचा सिद्धांत. एकदा त्यानं वडिलांच्या पूजेतली पळीच ढापली, तिला गळ बांधला आणि पहिल्याच फेरीत ती तळाच्या लाकडात अडकवून घालवली.

वडील मोठे सोवळे. संध्याकाळी पळी सापडेना. कंपाउंडरनं घाबरून थाप मारली, "बाबा, तलावावर आचमन करत होतो, हातातून सुटली."

वडील गहिवरले. पोरगा इतका धार्मिक निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः नवी पळी काढून दिली आणि म्हणाले, "आता दोरी बांधून कर हो!"

*

एकदा आमच्या खात्याचे एक साहेब आले. विलायती काठी, चाकावर गुंडाळलेली दोरी, डोक्यावर टोपी. डोंग्यात बसले आणि दहा मिनिटांत ओरडले, "लागला! राक्षस आहे राक्षस!"

अर्धा तास झुंज चालली. साहेब ओढताहेत, काठी वाकतेय, डोंगा जागच्या जागी गरगरतोय. आम्ही पाळीवरून टाळ्या पिटत होतो. शेवटी सुकरूभाऊ अदबीनं म्हणाला, "सायेब, गळ तळाले रुतला हाये. तुमी आता तलाव उचलून राह्यले!"

*

गुरुजींची तऱ्हा वेगळी. हाताला लय राहावी म्हणून ते पाढे म्हणत दोरी हलवायचे. "सात एके सात" ला वर, "सात दुणे चौदा" ला खाली. वर्षभर ऐकून सुकरूभाऊचेही पाढे पाठ झाले. एकदा "सात सते" ला दोरीला हिसका बसला आणि गुरुजी गडबडून थांबले.

"एकोणपन्नास, गुरुजी!" सुकरूभाऊ म्हणाला. "पण मासा गेला."

खरं सांगायचं तर गुरुजींना वर्षभरात एकही मासा लागला नव्हता. त्यांच्या घरच्या बाई वैनगंगेकाठच्या, माशावर वाढलेल्या. त्यांनी थट्टा करून करून गुरुजींचा जीव नकोसा केला होता. त्यात बदलीचा हुकूम आला, तोही डोंगरातल्या, विहिरीलाही पाणी नसलेल्या गावी. बाईंनी सरळ सांगितलं, "तुमच्या हातचा मासा खाल्ल्याबिगर मी गाडीत बसत नाई!"

हाताशी एकच रविवार उरला होता.

*

त्या रविवारी आम्ही दोघांनी आमची डोंग्यात बसायची पाळी गुरुजींना दिली. उन्हं चढली, पाढे तेराच्या पुढे गेले, आणि गुरुजी किंचाळले. शिंगाळा! हातभर लांब, मिशा ताठ. पाळीवर मी आणि कंपाउंडर एकमेकांना मिठ्या मारत होतो.

डोंगा काठाला लागला. सुकरूभाऊचा चेहरा मात्र पडलेला.

"गुरुजी, आमच्यात माणसाचा पयला मासा पाण्याले वापस देतेत."

"हे पयले काऊन नाई सांगितलं?"

"पयले तुमाले मासा कुठी लागत होता जी!"

कंपाउंडर म्हणाला, "रीत त्यांची आहे, तुमची थोडीच!" गुरुजींनी मासा उचलून घेतला. "डोंगा त्याचा, रीत बी त्याचीच," म्हणाले आणि दोन्ही हातांनी मासा पाण्यात सोडला. मला तर रडूच आलं. नंतर दोन तास दोरी हलवली, पण पुन्हा काही लागलं नाही.

दुपारी आम्ही तिघे साक्षीदार म्हणून गुरुजींसोबत त्यांच्या दारात उभे राहिलो. सगळे एकदम बोलू लागलो. बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. गुरुजींचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले, डोळे मिटून वास घेतला आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं हाक आली, "या जी जेवाले सगळे."

ताटात भात आणि माशाला करतात तसा लालभडक, झणझणीत रस्सा. रश्शात मासा नव्हता. आम्ही वाट्या तोंडाला लावल्या. बाईंनीही वाटी घेतली, भुरका मारला आणि म्हणाल्या, "गाडी सांगा उद्याची."

गुरुजींनी घाईघाईनं मोठा घास उचलला.

बाई ओरडल्या, "हळू खा जी, काटा लागंल!"